खुलं पत्र: नाशिकला पिलरवरची बस नको, रूळ टाका

प्रति,
महामेट्रो, राज्याचा नगरविकास विभाग, नाशिक महानगरपालिका आणि नाशिकचे सगळे आमदार-खासदार यांना

नमस्कार.

नाशिकच्या मेट्रो निओबद्दल हे पत्र लिहितोय. २०१९ ला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, १ फेब्रुवारी २०२१ च्या बजेटच्या भाषणात अर्थमंत्र्यांनी नाशिकचं नाव घेतलं, २,०९२ कोटींचा आकडा सांगितला, आणि तेव्हापासून इथे दर निवडणुकीला तोच विषय निघतो. एक पिलर उभा राहिलेला नाही. शहरातले बरेच लोक वैतागून म्हणतात की जे काय द्यायचंय ते द्या पण लवकर सुरू करा. त्यांचा वैताग मला कळतो, पण माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. पिलर उभा नाहीये म्हणूनच अजून वेळ गेलेली नाही. हा रबरी टायरचा आराखडा बाजूला ठेवा आणि नाशिकला रुळावरची गाडी द्या.

आधी ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या कित्येकांना अजूनही वाटतं की पुण्या-नागपूरसारखीच मेट्रो येणार आहे फक्त थोडी लहान. तसं नाहीये. निओ म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारी, रबरी टायरवर चालणारी लांब जोडबस, १८ मीटरची किंवा दोन सांधे असलेली २५ मीटरची, आणि ती पिलरवर बांधलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवरून तिच्या स्वतःच्या मार्गिकेत धावणार. दोन मार्ग, गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका, मिळून साधारण ३३ किलोमीटर, आणि अंबड-सिडको, नांदूर नाका वगैरे भागांसाठी बॅटरीवर चालणारे फीडर, म्हणजे मुख्य मार्गापर्यंत माणसं आणून सोडणाऱ्या गाड्या. गाडी चांगली असेल, एसी असेल, दरवाजे स्टेशनवर आपोआप उघडतील, ते सगळं मान्य. पण पिलर रेल्वेसारखे आणि त्यावर धावणारी बस, म्हणजे खर्च अर्धवट रेल्वेचा आणि क्षमता बसची.

क्षमतेचंच आधी बोलू. केंद्राच्या स्वतःच्या स्पेसिफिकेशनमध्ये मेट्रो निओ गर्दीच्या तासाला एका दिशेने ८ हजार प्रवाशांपर्यंतच्या मार्गासाठी धरलेली आहे, मेट्रोलाइट म्हणजे रुळावरची हलकी मेट्रो १५ हजारांपर्यंत. आता एका गाडीत २०० माणसं धरली, आणि २०० म्हणजे चांगली दाटीवाटी, तर ८ हजार माणसं न्यायला तासाला ४० गाड्या लागतात, म्हणजे दर दीड मिनिटाला एक. प्रत्येक गाडीला ड्रायव्हर वेगळा, आणि एखादी गाडी स्टेशनवर अर्धा मिनिट जास्त थांबली की मागच्या सगळ्या तुंबल्या, कारण पिलरवर ओव्हरटेक करायला जागा नाही. आणि हे तर कमाल मर्यादेचं गणित झालं, त्याच्या पुढे काय? रुळावरच्या गाडीला गर्दी वाढली की डबे जोडता येतात, आज दोन, दहा वर्षांनी चार, फक्त प्लॅटफॉर्म सुरुवातीलाच लांब बांधून ठेवायचे. २५ मीटरच्या बसला चौथा डबा लावता येत नाही.

आणि नाशिक काही जागच्या जागी थांबणारं शहर नाही. २००१ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत पावणे अकरा लाख लोक होते, २०११ ला पंधरा लाखांच्या जवळ. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, पण पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ, जेलरोड कुठेही जाऊन बघा, जिथे द्राक्षाचे मळे होते तिथे सात-सात मजले उभे आहेत. मधल्या काळात समृद्धी महामार्ग झाला, जुलै २०२१ ला महापालिकेची सिटीलिंक बस सुरू झाली, कोविड येऊन गेला, लोकांच्या जाण्या-येण्याच्या सवयीच बदलल्या. आणि तुमचा आराखडा या सगळ्याच्या आधीचा. निदान प्रवाशांचा सर्व्हे तरी नवीन करा.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती नाशिकरोडची. आपल्या शहराची गोष्ट बाहेरच्यांना पटकन कळत नाही, रेल्वे स्टेशन एकीकडे आणि गाव दुसरीकडे, मध्ये आठ-नऊ किलोमीटर आणि त्यात द्वारका चौक. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायला माणूस गंगापूर रोडवरून, सिडकोतून, पंचवटीतून निघतो, आणि द्वारका मोकळी मिळाली तर नशीब. संध्याकाळी उलटं. शालिमारहून शेअर रिक्षात चार-पाच जण कोंबून नाशिकरोड गाठणं हे इथल्या दोन पिढ्यांनी केलंय. या मार्गाची गर्दी एकसारखी वाहत नाही, ती लोंढ्याने येते. वीस-बावीस डब्यांची गाडी स्टेशनात लागते, पाच मिनिटांत हजारभर माणूस बाहेर पडतो, सामान, पोरंबाळं, म्हातारी माणसं, आणि तो सगळा लोंढा एकदम शहराकडे निघतो. तिथे २०० जणांची बस उभी करणार? एक भरली, दुसरी भरली, बाकीचे जिन्यावर. सिंहस्थात तर विचारूच नका. २०२७ च्या पर्वण्यांपर्यंत कुठलंच काम पूर्ण होणार नाही हे उघड आहे, त्यामुळे निदान कुंभमेळ्याच्या नावाखाली घाईने निओचं भूमिपूजन तरी उरकू नका, पण बारा वर्षांनी परत सिंहस्थ येतोच ना, आणि त्याच्या पुढचाही. रामकुंडाकडे जाणारे कित्येक भाविक रेल्वेने येतात आणि ते नाशिकरोडलाच उतरतात. एवढा लोंढा उचलायची ताकद फक्त रेल्वेत आहे.

आता तुम्ही म्हणाल पैसे. बरोबर आहे, तो मुद्दा टाळायचा नाहीये मला. २,०९२ कोटी भागिले ३३ केलं तर किलोमीटरला ६३ कोटी पडतात, आणि महामेट्रोनेच बांधलेल्या नागपूरच्या पहिल्या टप्प्याला ३८ किलोमीटरला ८,६८० कोटी मंजूर होते, म्हणजे किलोमीटरला सव्वादोनशेच्या पुढे. साडेतीनपट फरक आहे आणि नाशिक महापालिकेची तिजोरी काही भरून वाहत नाहीये. पण २,०९२ हा आकडा किती जुना आहे ते बघा, सिमेंट, स्टील, जमीन, काय स्वस्त झालंय तेव्हापासून? आणि स्वस्त म्हणताना फक्त बांधकामाचा खर्च धरायचा का? काँक्रीटवर टायर घासत चालतो तेव्हा रुळावरच्या स्टीलच्या चाकापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा खातो, हे साधं फिजिक्स आहे. टायर बदलत राहावे लागतात. बसचं आयुष्य रेल्वेच्या डब्यापेक्षा कमी, म्हणजे ज्या काळात रेल्वेचा डबा एकदा घ्यायचा त्या काळात बस दोनदा घ्यायची. वर तासाला चाळीस ड्रायव्हर. हे सगळं तीस वर्षांचं धरून दोन्ही पर्यायांची तुलना लोकांसमोर ठेवा, मग स्वस्त कोण ते ठरवू.

गाड्या आणि सुटे भाग कोण देणार, हा प्रश्न तर मला त्याहून मोठा वाटतो. भारतात आज कुठल्याच शहरात ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारी बस, चालत नाही. मुंबईत बेस्टने १९६२ ला सुरू केली होती, १९७१ ला बंद पडली. निओचं नाव देहरादूनला घेतलं गेलं, वारंगळला घेतलं गेलं, तिथेही अजून काही धावत नाहीये. म्हणजे नाशिक हे देशातलं पहिलं शहर असणार, आणि कदाचित एकटंच. एकट्या शहरासाठी कुठली कंपनी वीस-पंचवीस वर्षं सुटे भाग बनवत बसेल?

यावर कुणाला शंका असेल तर लांब जायची गरज नाही, मुंबईची मोनोरेल बघा. तीही टायरवर, काँक्रीटच्या बीमवरून, तीही रेल्वेपेक्षा हलकी आणि सुटसुटीत म्हणून आणलेली. फेब्रुवारी २०१४ ला चेंबूर-वडाळा सुरू झाली. नोव्हेंबर २०१७ ला म्हैसूर कॉलनी स्टेशनला डब्यांना आग लागली आणि सेवा दहा महिने बंद. २०१८ च्या शेवटी चालवणाऱ्या कंपनीचं कंत्राट काढून घ्यावं लागलं, मग सुटे भाग मिळेनात, एका गाडीचे काढून दुसरीला लावायची वेळ आली. १९ ऑगस्ट २०२५ ला भर पावसात गर्दीच्या वजनाने गाडी मध्येच अडकली आणि अग्निशमन दलाने शिड्या लावून शेकडो लोकांना खाली उतरवलं, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच सप्टेंबरमध्ये दुरुस्ती आणि अपग्रेडसाठी सगळी सेवाच थांबवली. लोकल ज्या दिवशी बंद पडली त्या दिवशी लोक मोनोकडे वळले आणि मोनोला ते वजन पेललं नाही. जगावेगळं तंत्रज्ञान घेतलं की ते बिघडल्यावर शेजारच्या शहराकडून डबा उसना आणता येत नाही, दुसऱ्या कारखान्यात दुरुस्त करता येत नाही. हे महाराष्ट्रात, आपल्याच सरकारच्या यंत्रणेने, नुकतंच भोगलेलं आहे. तरी परत तोच रस्ता?

फ्रान्सचं उदाहरण निओच्या तर अगदीच जवळचं आहे. नॅन्सी आणि काँ या दोन शहरांनी ट्राम परवडत नाही म्हणून टायरवरची, मधल्या एका रुळाने दिशा दिली जाणारी विजेची गाडी घेतली. नॅन्सीत २००१ ला सुरू होऊन थोड्याच काळात गाडी त्या गाइडवरून सुटून अपघात झाले आणि वर्षभर सेवा बंद ठेवली. टायर रोज त्याच दोन पट्ट्यांवरून जात असल्यामुळे रस्त्याला चर पडायचे ते वेगळंच. फ्रान्समध्ये ही गाडी या दोन शहरांशिवाय कुणी घेतली नाही, कंपनीने बनवणं बंद केलं. काँने २००२ ला सुरू केलेली गाडी २०१७ च्या शेवटी मोडीत काढली आणि जुलै २०१९ ला तिथे साधी रुळावरची ट्राम आणली, म्हणजे एकाच मार्गासाठी सतरा वर्षांत दोनदा खर्च. नॅन्सीने २०२३ ला बंद केली आणि आता तिथे गाइड नसलेली साधी ट्रॉलीबस धावते. एकाने पुढे जाऊन ट्राम घेतली, दुसऱ्याने मागे येऊन बस घेतली, पण मधल्या त्या अर्धवट पर्यायात दोघांपैकी कुणीच राहिलं नाही, आणि त्यांच्याकडे तर हे सगळं जमिनीवर होतं, उखडून टाकता आलं. आपण ते पिलरवर बांधणार आहोत.

इंग्लंडमध्ये केंब्रिज ते सेंट आइव्ह्ज अशी एक रेल्वे लाइन होती, १९७० ला तिथली प्रवासी वाहतूक बंद झाली. पुढे तिथल्या लोकांनी ती लाइन परत सुरू करा म्हणून मागणी लावून धरली, पण काउंटी कौन्सिलने त्या जागेवर काँक्रीटच्या कडांमधून धावणारा बसमार्ग करायचं ठरवलं, कारण तेच, रेल्वेपेक्षा स्वस्त आणि लवकर. ११६ दशलक्ष पाउंडांचं काम १८० च्या पुढे गेलं, दोन वर्षांहून जास्त उशीर होऊन ऑगस्ट २०११ ला सुरू झालं, कंत्राटदाराशी कोर्टकचेरी झाली. बसमार्गावर तीन जणांचे जीव गेले त्या प्रकरणात एप्रिल २०२५ ला कौन्सिलला ६० लाख पाउंडांचा दंड झाला. लोकांनी ती बस वापरली, भरपूर वापरली, हेही खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण लोक वापरतात याचा अर्थ इतकाच की त्या मार्गावर सोय हवी होती. तीच माणसं रेल्वेतही बसली असती.

न्यायाने बोलायचं तर ऑस्ट्रेलियात ॲडलेडचा गाइडेड, म्हणजे असाच काँक्रीटच्या कडांमधून धावणारा, बसमार्ग १९८६ पासून चाललाय आणि चांगला चाललाय. तिथेही आधी लाइट रेल करायचं ठरलं होतं, सरकार बदललं आणि बस आली. तो चालला त्याचं कारण समजून घ्या. तिथे बस आपल्या वस्तीतून माणसं गोळा करते, बारा किलोमीटर त्या ट्रॅकवरून जोरात जाते, आणि शहरात परत साध्या रस्त्याला लागते. माणसाला गाडी बदलावी लागत नाही. गाइडेड बसचा खरा फायदा हाच. नाशिकमध्ये ती बहुतेक अंतर पिलरवरच राहणार. फीडरला बॅटरीवर रस्त्यावर उतरवू म्हणता, पण त्रिमूर्ती चौकातून किंवा उत्तमनगरच्या बाजारातून २५ मीटरची गाडी वळवून दाखवा. संध्याकाळी सात वाजता तिथे रिक्षा वळत नाही. मग फीडरला लहान गाडी लावणार, म्हणजे माणूस एकदा खाली उतरणार, परत वर चढणार. तसंच असेल तर वर रेल्वे असलेली काय वाईट?

कुणीतरी पॅरिसचं नाव काढेलच की तिथे १९५६ पासून टायरवर मेट्रो चालते. चालते, पण ती अनेक डब्यांची ट्रेन आहे आणि टायरच्या शेजारी स्टीलचे रूळही आहेत. तिची आणि निओची तुलना होऊ शकत नाही.

आणखी एक युक्तिवाद मी खूपदा ऐकलाय, आधी निओ करू, गर्दी वाढली की त्याच पिलरवर मेट्रो टाकू. हे कागदावर दाखवा. बसच्या वजनाला धरून बांधलेला स्लॅब रेल्वेचं वजन घेणार का? बस जिथे सहज वळते तिथे रेल्वेला मोठं वळण लागतं, बस जो चढ चढते तो रेल्वेला जास्त होतो. स्टेशनची लांबी एका बसपुरती बांधली तर तीन डबे उभे कुठे करणार? आज डिझाइनमध्ये या चारही गोष्टी रेल्वेच्या मापाने धरल्या तर निओचा स्वस्तपणा तिथेच संपतो, आणि धरल्या नाहीत तर पुढे मेट्रो टाकू हे आश्वासन खोटं ठरतं. यातलं नेमकं काय करणार आहात ते सांगा.

एक गोष्ट नाशिककर म्हणून फार लागते मला. एकलहऱ्याला मध्य रेल्वेचा ट्रॅक्शन मोटरचा, म्हणजे गाडी ओढणाऱ्या विजेच्या मोटरींचा, कारखाना आहे. नाशिकरोडलाच भारतीय रेल्वेची विद्युत अभियंत्यांची संस्था आहे, देशभरातले रेल्वेचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर इथे ट्रेनिंगला येतात, विजेवर रेल्वे कशी चालवायची ते नाशिकमध्ये शिकून आपापल्या विभागात जातात. रेल्वेच्या मोटरीला हात लावलेली माणसं या शहरात पिढ्यानपिढ्या राहतात. रुळावरची गाडी आली तर तिची देखभाल करायला माणूस बाहेरून आणायची गरज नाही, शिकवायलाही नाही. अशा शहराला तुम्ही देशात कुठेच नसलेली बस देताय जिचं प्रत्येक काम कंपनीच्या माणसाला बोलावून करून घ्यावं लागेल.

मग मी काय मागतोय ते स्पष्ट लिहितो. ३३ किलोमीटरचा हट्ट सोडा. आधी एकच तुकडा घ्या, नाशिकरोड ते द्वारका ते सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, दहाएक किलोमीटर, आणि तो पूर्णपणे रुळावर करा, मेट्रोलाइट म्हणा, हलकी मेट्रो म्हणा, पण स्टीलचं चाक, दुसऱ्या शहरांतल्या मेट्रोएवढीच रुळांची रुंदी, तिथे चालतात तसेच डबे, म्हणजे चार कंपन्या टेंडर भरतील आणि सुटे भाग नागपूर-पुण्याबरोबर एकत्र घेता येतील. प्लॅटफॉर्म चार डब्यांचे. नाशिकरोडला स्टेशनच्या पुलावरूनच थेट चढता आलं पाहिजे, रस्ता ओलांडून, रिक्षा स्टँड पार करून नाही. पुणे-नाशिक रेल्वे कधीतरी होईल, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणींच्या केंद्राच्या अडचणीतून मार्ग काढून का होईना, तेव्हा तीही तिथेच जोडली गेली पाहिजे. गंगापूर रोड, मुंबई नाका, सिडको, पंचवटी इथे तोपर्यंत साध्या इलेक्ट्रिक बस वाढवा, सिटीलिंकच्या, जमिनीवर, पाच-सात मिनिटांना एक. त्याला पिलर लागत नाहीत, पुढच्या वर्षी करता येईल. बसला माझा विरोध नाहीच. बस रस्त्यावर चालवा आणि जिथे पिलर बांधायचेत तिथे रेल्वे न्या.

पहिला तुकडा सातपूरपर्यंत न्यावा असं काही जण म्हणतील, एमआयडीसीच्या शिफ्टचा कामगार तिकडे आहे आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. माझ्या मते आधी नाशिकरोड, कारण शहराचं नाक तिथे दाबलं गेलंय, पण यावर लोकांना बोलू द्या. आत्तापर्यंत या प्रकल्पावर आम्ही जे काही ऐकलं ते भाषणांतून आणि पेपरातून. पूर्ण आराखडा मराठीत महापालिकेच्या वेबसाइटवर टाका, त्यात प्रवाशांचा अंदाज कुठल्या सर्व्हेवरून काढला, तीस वर्षांचा चालवण्याचा खर्च किती धरला, गाड्या कोण बनवणार हे असू द्या. त्यानंतर सुनावणी ठेवा, एक नाशिकरोडला, एक सिडकोत, एक पंचवटीत. कामाच्या दिवशी सकाळी अकराला महापालिकेच्या राजीव गांधी भवनात ठेवलीत तर पंचवटी एक्सप्रेसचे पासहोल्डर मुंबईत असतील आणि सातपूर-अंबडचा कामगार मशीनवर. रविवारी ठेवा. मी येईन, आणि माझ्यासारखे बरेच येतील, आकडे घेऊन येतील.

कळावे,
नाशिकरोडचा एक रहिवासी